आवाज थांबले, पण पोरगं उठतच नाही. बोलण्याच्या उपचारानं उमेद येते का?

रिटायर_मेकॅनिक (कराड)
१७ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. टायपिंगच्या चुका पदरात घ्या, बोटं पान्याला सरावलेली आहेत.

एसटीच्या वर्कशॉपात ३३ वर्षं काढून रिटायर झालो. दोन मुलं. थोरली लग्न होऊन चिंचवडला. प्रश्न धाकट्याचा आहे. वय ३१, आयटीआय वायरमन. बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. त्याआधीचं दीड वर्ष अंगारे-धुपारे आणि वाडीच्या वाऱ्या करण्यात गेलं, त्यावर आता लिहीत बसत नाही.

गोळ्या नियमित आहेत. कानात बोलणारे आवाज बंद झाले. समोरच्या टपरीवाल्यानं कॅमेरा बसवलाय, आपल्यावर पाळत आहे, हेही गेलं. चार वर्षांत अॅडमिट करावं लागलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पेशंट स्टेबल आहे. स्टेबल आहे हो, जॅकवर चढवलेल्या गाडीसारखा.

त्याचा दिवस सांगतो. साडेदहाला उठतो, तेही हिनं तिसऱ्यांदा हाक मारल्यावर. चहा पितो आणि परत आडवा, भिंतीकडे तोंड करून. दुपारी जेवतो, ताट तिथंच. संध्याकाळी गॅलरीत खुर्चीवर. टीव्ही चालू असला तर बघतो, बंद असला तर रिमोट मांडीवर असूनही लावत नाही. आंघोळ चार-पाच दिवसांनी. दोन मित्र होते, हा फोन उचलत नाही म्हणून तेही यायचे थांबले. बोलणं म्हणजे 'हं', 'नको', एवढंच. रडत नाही, भांडत नाही. ह्याच पोरानं अठराव्या वर्षी गल्लीच्या गणपतीचं सगळं लायटिंग एकट्यानं केलं होतं. ५५५ आणि ४०१७ ची आयसी वापरून दहा चॅनेलचा चेसर, म्हणजे एकामागून एक पेटत जाणाऱ्या दिव्यांचं सर्किट, घरी बनवला होता. लोक मूर्ती बघायचे आणि मग मान वर करून लायटिंग बघत उभे राहायचे.

मी त्याला आळशी समजत होतो. खोटं कशाला बोलू. ओरडून झालं, मोबाइल काढून घेऊन झालं, रोजचे पन्नास रुपये देतो फक्त सकाळी फिरून ये म्हणून आमिष दाखवून झालं. पुतण्याच्या साखरपुड्यात तर पंगतीत सगळ्यांच्या देखत बोललो, 'ह्याला बसून खायची सवय लागलीय.' तो काही बोलला नाही. ताटात अर्धी जिलबी होती, ती तशीच ठेवून उठला. त्यानंतर कुठल्याच कार्याला आलेला नाही.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांकडं एक मानसशास्त्रज्ञ मॅडम बसतात. त्या म्हणाल्या, हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे, आणि ह्यासाठी बोलण्याचा उपचार असतो. आठवड्याला एक बैठक, निदान सहा महिने, एका बैठकीचे ९०० रुपये. आमची पेन्शन ईपीएसची, ती किती असते ते कुठल्याही एसटीवाल्याला विचारा. आणि ह्याआधी एका ठिकाणी आठ बैठका करून हात पोळलेत. तिथला काउन्सेलर प्रत्येक वेळी एकच सांगायचा, पॉझिटिव्ह विचार कर, योगा कर, आईवडिलांना त्रास देऊ नकोस. नवव्या बैठकीला हा रिक्षातून उतरलाच नाही.

म्हणून विचारतो. बिघाड मेंदूतला असेल तर बोलून तो कसा सुटेल? आणि जो दिवसाला दहा शब्द बोलतो त्याच्यावर बोलण्याचा उपचार करायचा तरी कसा? कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा. 'देवावर सोडा' असं कृपया कुणी लिहू नका, सोडून बघितलंय.


बिनधास्त_बोला
१८ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

काका राग मानू नका, पण पोराचं लग्न लावून द्या. आमच्या चुलतभावाचं असंच होतं. बायको आली, जबाबदारी पडली, सहा महिन्यांत सुतासारखा सरळ झाला. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर.


सई_शुभंकर (पुणे)
१८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

वरच्या प्रतिसादाला कोपरापासून नमस्कार. लग्न म्हणजे टॉनिक नव्हे. आणि त्या येणाऱ्या मुलीनं कुणाचं काय घोडं मारलंय? चुलतभाऊ आळशी असेल, हा आजार वेगळा आहे.

काका, मी बारा वर्षं माझ्या भावाची शुभंकर आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे ना, तिथं पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ साली ती संस्था काढली. ते राहायला कॅनडात, पण स्वतः पत्नीचे शुभंकर होते, त्यामुळं घरातल्या माणसाची काय दमछाक होते हे त्यांना ऐकीव नव्हतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तुम्हाला कराडहून दर वेळी येणं जमणार नाही, पण लेकीकडे चिंचवडला याल तेव्हा एकदा शुभंकरांच्या बैठकीला बसून जा. पंगतीतल्या जिलबीसारख्या गोष्टी तिथं प्रत्येकाच्या खिशात असतात.

उपचाराचं शास्त्र जाणकार सांगतील, मी घरातलं सांगते. आमच्या भावाच्या मॅडमनी मला एक काम दिलं होतं. एका रविवारी मी त्याच्याशी जी जी वाक्यं बोलेन त्यांची नुसती खूण करायची. आईच्या पंचांगाच्या मागच्या पानावर केल्या. रात्री मोजल्या तर ४१. त्यातली ३४ वाक्यं 'उठ', 'आंघोळ केलीस का', 'गोळी घेतलीस का', 'असा काय बसलायस' ह्या जातीची. 'आज उकडतंय नाही' असं साधं वाक्य मी दिवसभरात एकदाही बोलले नव्हते. मी काही दुष्ट बहीण नाही हो. पण दिवसाला ३४ वेळा कुणी मला इन्स्पेक्टरसारखं विचारलं असतं तर मीही भिंतीकडे तोंड केलं असतं.

मोजल्यावर आपोआप कमी झालं. पहिले दोन महिने त्याच्यात काही फरक पडला नाही, आमच्या घरातला आवाज मात्र खाली आला. मग एक दिवस तोच म्हणाला, 'सई, आज पाऊस येईल असं वाटतंय.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले.


ओपीडी_नंबर_सात
१८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. नाव देत नाही. तुमच्या मुलाला बघितलेलं नसल्यामुळे सर्वसाधारण लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. डॉक्टर 'निगेटिव्ह सिम्प्टम्स' म्हणतात तेव्हा घरच्यांना वाटतं निगेटिव्ह विचार, म्हणून मग पॉझिटिव्ह विचारांची प्रवचनं सुरू होतात. इथं निगेटिव्ह म्हणजे वजा. जे असायला हवं त्यातलं काय वजा झालं? इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांची ओढ. आवाज आणि संशय ही अधिक झालेली लक्षणं, ती गोळ्यांना चांगली दाद देतात. वजा झालेली लक्षणं फारशी देत नाहीत. तुमच्या घरात नेमकं तेच झालंय.

थेरपीला बसण्याआधी एक तपासणी मात्र सायकियाट्रिस्टकडून करून घ्या. उमेद नसण्याची कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात. गोळीची झापड, गोळीमुळे आलेला अंगाचा ताठरपणा आणि चेहऱ्याचा दगडीपणा, आत दबलेलं नैराश्य, आवाज अजून येतात पण सांगत नाही, थायरॉइड. ह्यातलं काही सापडलं तर त्याचा उपाय वेगळा. डोस मात्र स्वतःच्या मनानं कमी करू नका. आठवडाभर पोरगं तरतरीत दिसतं आणि पुढं सगळा डाव मोडतो, हे मी फार वेळा बघितलंय.

आता तुमचा प्रश्न, बोलून कसं सुटेल. बरीच वर्षं समज असा होता की ह्या लोकांना आनंदच होत नाही. मग संशोधकांनी जरा बारकाईनं बघितलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटानं दाखवलं की गोष्ट प्रत्यक्ष चालू असते तेव्हा त्यांना बऱ्यापैकी मजा येते. 'मजा येईल' हा जो आधीचा अंदाज असतो, तो कमी पडतो. भजी तोंडात पडली की आवडतात, पण 'चल भजी खायला' म्हटल्यावर जिभेला पाणी सुटत नाही. आणि आपण सगळे उठतो ते त्या आधीच्या पाण्यावरच.

ह्यावर दुसरा थर चढतो तो समजुतींचा. दहा वर्षांत शिक्षण अर्धवट राहिलं, नोकरी गेली, लोक हसले. मग डोकं एक हिशेब मांडतं: माझ्यानं होणार नाही, झालं तरी अर्धवट होईल, मग सुरू तरी कशाला करू? बाहेरून हे आळसासारखं दिसतं, आतून तो अपमानापासूनचा बचाव असतो. बोलण्याचा उपचार ह्या थरावर काम करतो. मेंदूतली रसायनं आणि माणसाच्या समजुती ह्या दोन वेगळ्या खोल्या नाहीत.

फिलाडेल्फियात ॲरन बेक आणि पॉल ग्रँट यांनी ह्याची रीतसर चाचणी केली. नैराश्यासाठी कॉग्निटिव्ह थेरपी उभी केली तेच हे बेक, २०२१ मध्ये शंभराव्या वर्षी गेले. म्हातारपणी त्यांनी मुद्दाम हा सगळ्यात अवघड गट हातात घेतला. ६० जण, सगळ्यांचं रोजचं जगणं फारच खालावलेलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला ही थेरपी, १८ महिने. निकाल २०१२ साली आला: थेरपीवाल्यांचं कामकाज सुधारलं, अनिच्छा कमी झाली. थेरपी संपून सहा महिने झाल्यावरही फायदा टिकून होता. १८ महिने हा आकडा लक्षात ठेवा. आठ बैठकांत सल्ले ऐकवणं आणि हे, ह्यांची तुलनाच नको. ब्रिटनच्या २०१४ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही ह्या आजारासाठी सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं ह्यांवर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचाराच्या, किमान १६ बैठका म्हटल्या आहेत, आणि घरच्यांबरोबरच्या किमान १० वेगळ्या.

पण तुमच्या पेन्शनचा प्रश्न आहे म्हणून दुसरी बाजूही सांगते. नेहमीच्या पद्धतीच्या सीबीटीच्या सगळ्या चाचण्यांची बेरीज केली तर निगेटिव्ह लक्षणांवरचा परिणाम छोटाच निघतो. कुणाला बराच फायदा होतो, कुणाला काहीच नाही.

तुमच्या जवळचं उदाहरण देते. गोवा, तुमचा सातारा जिल्हा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम, अशा तीन ठिकाणी एक मोठी चाचणी झाली होती, २०१४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. २८२ शुभार्थी, वर्षभर. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन कुटुंबाशी बोलायचे, रोजची कामं परत लावायचे. नुसत्या ओपीडीपेक्षा फायदा झाला, पण माफक. कांचीपुरमला जास्त ठळक, बाकी दोन ठिकाणी तितका नाही. म्हणजे घरी जाऊन केलेल्या कामाला किंमत आहे, जादू नाही.

सईताईंनी वाक्यं मोजली ते उगीच नाही. जॉर्ज ब्राऊन यांनी लंडनमध्ये रुग्णालयातून घरी परतलेल्यांचा अभ्यास केला तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. ज्या घरात टीका, तिरस्कार किंवा अति काळजीचा मारा जास्त, तिथं आजार जास्त वेळा उलटतो. घर आजार देत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका.

नव्या मॅडमना तीन गोष्टी विचारा. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, पहिल्या महिन्यात त्या नेमकं काय करणार, आणि तीन महिन्यांनी फरक मोजणार कसा. तिसऱ्या प्रश्नाला जी व्यक्ती चिडते तिच्याकडे जाऊ नका.


पहाटेचा_चहा (ठाणे)
१९ फेब्रुवारी, पहाटे ५.५०

मी शुभार्थी. वय ३८. झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो.

काका, तुमचा मुलगा भिंतीकडे बघतो तेव्हा आत काय चालतं ते मी माझ्यापुरतं सांगतो. काहीच चालत नाही असं नाही. दाढी करायची म्हटलं की उठायचं, ब्रश शोधायचा, ब्लेड बदलायचं, आरशात बघायचं, एवढं सगळं एकदम समोर येतं. आणि शेवटी एक वाक्य येतं, 'आणि करून?' त्या 'आणि करून'ला माझ्याकडं उत्तर नसायचं. आई म्हणायची आळशी. मला ते पटायचं, म्हणून मी गप्प बसायचो. गप्प बसलो की ती म्हणायची, बघा, लाज पण वाटत नाही.

माझे थेरपिस्ट पहिल्या तीन बैठकांत आंघोळीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही कॅरम खेळलो. तिसऱ्या वेळी मी क्वीन घेतली आणि कव्हर पण केली. ते म्हणाले, आत्ता कसं वाटलं? मी म्हणालो, बरं. ते म्हणाले, सकाळी निघताना वाटलं होतं का असं वाटेल? मी म्हणालो, नाही, सकाळी यायचंच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, हे लक्षात ठेवू या.

मग बऱ्याच दिवसांनी विचारलं, सगळं नीट असतं तर काय करत असतास? मी म्हणालो, लोकांना माझा उपयोग झाला असता. त्यावरून निघालं चहाचं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन रात्रपाळी करायचा. पहाटे त्याला एक कप चहा नेऊन द्यायचा, एवढंच माझं काम ठरलं. पहिल्या दिवशी साखर विसरलो. तो प्यायला. नंतर म्हणायला लागला, तुमच्या चहावर शेवटचा तास निघतो. मला कुणाच्या तरी तासासाठी उठायचं होतं, स्वतःच्या तब्येतीसाठी नाही. आंघोळ त्यानंतर आली, कारण वॉचमनसमोर पारोसं जायला कसं तरी वाटायला लागलं.

अजूनही असे दिवस येतात की दुकानात फोन करून नाही येत सांगतो. महिन्यात तीन-चार. मालकाला माहीत आहे.


रिटायर_मेकॅनिक (कराड)
१९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

चहावाले दादा, तुमचं लिहिलेलं हिला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. 'आणि करून'पर्यंत वाचलं, पुढं तिनं मोबाइल हातात घेऊन स्वतःच वाचलं.

मॅडम, तीन प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. सईताई, वाक्यं मोजायला मी आजच बसलो. दुपारी बारापर्यंत १९ झाली, मग मोजणं थांबवलं. सहा महिने करून बघतो. पैशाचं बघू, स्कूटर तशीही गंजत पडलीय.


रिटायर_मेकॅनिक (कराड)
२ ऑगस्ट, रात्री १०.५५

मंडळी, धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून.

स्कूटर विकली. बैठका आतापर्यंत २१ झाल्या.

आधी डॉक्टरांनी तपासणी केली आणि रात्रीची एक गोळी बदलली. सकाळची झापड त्यानं कमी झाली. त्याच महिन्यात बैठका सुरू झाल्या, त्यामुळं कशानं किती फरक पडला ते सांगता येत नाही. गाडीवर दोन कामं एकदम काढली की खडखड नेमकी कुठल्या बोल्टानं थांबली ते कळत नाही, तसं.

मॅडमनी पहिल्या दिवशी त्याला काही विचारलंच नाही. मला मात्र वीस मिनिटं विचारलं, आजारी पडायच्या आधी हा काय करायचा. मी चेसरचं सांगितलं. दुसऱ्या बैठकीला त्यांनी कागद-पेन्सिल पुढं केली. म्हणाल्या, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, हे दिवे एकामागून एक कसे पेटतात ते काढून दाखव. तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. मग चौकोन काढला आणि पायांचे नंबर लिहायला लागला. एक ते सोळा. मी दाराच्या फटीतून बघत होतो, माझंच बीपी वाढलं. आठ वर्षांत त्यानं पेन्सिल धरली नव्हती.

मग वहीचं आलं. शंभर पानी साधी वही, उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले. काम, मग 'आधी' आणि 'नंतर'. काम करायच्या आधी अंदाज लिहायचा, किती मजा येईल आणि किती जमेल, शून्य ते दहा. करून झाल्यावर खरं किती ते. कामं अगदी किरकोळ. गॅलरीतल्या तुळशीला पाणी. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. जुनी गाणी अर्धा तास. पहिल्या तीन आठवड्यांत वहीत चार ओळी. मी मनात ९०० गुणिले तीन करत होतो.

मे महिन्यात हॉलचा पंखा बंद पडला. घूं घूं करायचा पण पातं हलायचं नाही. मी म्हणालो, वायरमनला फोन करतो. म्हणजे बघा, घरात आयटीआय वायरमन झोपलाय आणि मी बाहेर फोन लावतोय, आणि त्यात मला काही विचित्र पण वाटलं नाही. हा आतून आला. केरसुणी उलटी धरली आणि दांड्यानं पातं हळूच ढकललं. पंखा फिरायला लागला. म्हणाला, 'कॉइल जळलेली नाही पप्पा. कंडेन्सर गेलाय. अडीच एमएफडीचा आणा.' नऊ वर्षांत एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, मग दांड्यानंच चालवू की रोज. तर म्हणतो, 'चालेल. पण उलटा ढकलला तर उलटा फिरतो. वारा येत नाही.' आणि वहीत लिहायला आत गेला.

मी तिथंच उभा. ३३ वर्षं गाड्या ढकलून स्टार्ट केल्यात मी.

कंडेन्सर मी आणला. बसवायला त्याला पाऊण तास लागला. गोळ्यांमुळं त्याचा हात थरथरतो, बारका स्क्रू दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा माझा हात पुढं गेला होता, पण हिनं असं बघितलं की मी तो खिशात घातला. वहीत आधी: मजा १, जमेल २. नंतर: मजा ६, जमलं ८. पुढच्या बैठकीला मॅडमनी त्याला आतापर्यंतच्या सगळ्या ओळी मोजायला लावल्या. ११ ओळी होत्या. नऊ वेळा नंतरचा आकडा मोठा, दोन वेळा सारखाच. कमी एकदाही नाही. मॅडम म्हणाल्या, तुझा अंदाज देणारा मीटर खराब आहे, तुला काय वाटतं? तो म्हणाला, 'झीरो अॅडजस्ट करायला पाहिजे.' त्या हसल्या, त्यांना त्यातलं काही कळलं नसणार.

सगळं गोड आहे असं समजू नका. जूनमध्ये माझा भाऊ आला होता, जाताना म्हणाला, आता बरा दिसतोस, कामाला कधी लागणार? तीन आठवडे वही उघडली नाही. एका दुपारी माझाही तोल गेला, ते काय बोललो ते इथं लिहीत नाही. पुढची बैठक मॅडमनी आम्हा तिघांची घेतली. त्याला विचारलं, पप्पा बोलतात तेव्हा तू काय समजतोस? तो म्हणाला, 'माझ्या हातनं काही धड होत नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे.' पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, असं मॅडमनी विचारलं. शाळेत असताना सायकलचं पंक्चर काढायला मी त्याला शिकवत होतो म्हणे, आणि ट्यूब हातातून ओढून घेतली होती. मला आठवत पण नाही.

आज घडीला हिशेब असा. आंघोळ एक दिवसाआड, तीही कधी चुकते. ताट उचलून मोरीत ठेवतो. नऊला उठतो. शेजारच्या दोन मिक्सरची आणि एका इस्त्रीची दुरुस्ती केली, पैसे घेतले नाहीत, त्यावर घरात दोन मतं आहेत. मित्र अजून कोणी नाही. फोन वाजला तर बघतो, उचलत नाही. काही दिवस पूर्ण आडवेच जातात, त्या दिवशी मी बाजारात निघून जातो.

काल मंडळाची पोरं वर्गणीला आली होती. त्यातला एक म्हणाला, दादा, यंदा लायटिंगचं बघता का? मी तोंड उघडणार होतो, पण गप्प बसलो. तो म्हणाला, 'बघू.' ह्याआधी सरळ 'नको' असायचं.

रात्री जेवणं झाल्यावर स्टूल मागितलं. माळ्यावरून चेसरचा खोका काढायचा होता. स्टूल मी धरलं. खोका उघडला तर उंदरांनी सगळ्या वायरी कुरतडलेल्या, पेटीला गंज, दोन आयसी मात्र थर्माकोलमध्ये खोचलेल्या, जशाच्या तशा. त्यानं फुंकर मारली आणि पाय मोजले.

उद्या वायर आणायला जायचं ठरलंय, तो आणि मी. आता जुने बल्ब कुणी वापरत नाही, एलईडी स्ट्रिप पाहिजे म्हणतोय. कराडात किंवा साताऱ्यात होलसेलमध्ये कुठं मिळते, कुणाला माहीत असेल तर उद्या दहाच्या आत सांगा.